शाळा धरून उभी राहिलेली बंडी

आमच्या गावात पाहुणा आला की त्याला शाळा दाखवायला नेतात, आणि दारातून आत नेण्याआधी मागच्या बाजूला फिरवून आणतात. तिथे भिंतीला लागून बाहेरच्या अंगाला काळ्या दगडाचे खांब आहेत. खाली रुंद, वर निमुळते, भिंतीकडे कललेले. प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेलं, उमललेलं कापसाचं बोंड आहे. पाहुणा विचारतो, "हे काय हो?" मग बरोबरचा माणूस ताठ मानेनं सांगतो, "टेकू हायेत." शेजारच्या गावच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. टेकू ही काय मिरवायची गोष्ट झाली? ज्यांना असं हसू येतं त्यांच्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

मी त्या शाळेचा मास्तर. अभिमान हा माझ्या स्वभावातला गुण नाही. कुणी मला बरं म्हटलं की त्यातलं माझं किती आणि दुसऱ्याचं किती, हेच माझ्या मनात आधी सुरू होतं, आणि हिशेब बहुधा माझ्या विरुद्धच निघतो. पण त्या दगडी टेकूंसमोर उभं राहिलं की माझीही छाती भरून येते. वय पन्नाशीकडे झुकलं असताना एवढं तरी खरं लिहून ठेवावं असं वाटतं.

आम्ही दोघे भाऊ. अमडापूरच्या बाजाराला जाणारी जी पांदण आहे, तिच्या अंगाला आमची कोरडवाहू जमीन. वडील गेले तेव्हा दादा चौथीत होता आणि मी नुकता पाटी धरायला लागलो होतो. दादा माझ्याहून हुशार होता. हे मी भावाच्या मायेनं म्हणत नाही, आमचे जुने गुरुजीही तेच म्हणत. पण पेरणी तोंडावर होती. त्यानं पाटी कोनाड्यात ठेवली आणि तिफण धरली. मी शिकत गेलो, अकोल्याला राहिलो, मास्तर होऊन गावात परत आलो. दादानं हे कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. त्यानं एकदा जरी दाखवलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो वखरणी करून घामाघूम होऊन यायचा तेव्हा मी लिंबाखाली बाजेवर पुस्तक वाचत पडलेला असायचो. पाऊल वाजलं की मी पुस्तक बाजेखाली सरकवायचो. एकदा त्यानं पाहिलं.

"कायले लपवतो बे?" तो म्हणाला. "वाच. तुह्या वाट्याचं वखरून आलो मी."

तो हसत म्हणाला होता. मला मात्र त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

बाजेखाली सरकवायचो ते पुस्तक बहुतेक वेळा एकच असे. अकोल्याला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ते मिळालं होतं. पुठ्ठा उखडलेला, पण आतली चित्रं शाबूत. विषय होता युरोपातल्या मध्ययुगातली देवळं, ज्या बांधणीला ते लोक गॉथिक म्हणतात. मला त्या धर्माची ओढ नव्हती. ओढ होती ती त्या दगडांची. त्याआधीची तिकडची देवळं म्हणजे जाड भिंती, अर्धगोल कमानी, हातरुमालाएवढ्या खिडक्या आणि आत कोठीसारखा अंधार. भिंतीवरच छताचं सगळं ओझं, मग तिला मोठं भोक पाडणार कसं? बाराव्या शतकात पॅरिसच्या आसपासच्या कारागिरांनी हे कोडं सोडवलं. कमान टोकदार केली, म्हणजे ओझं बाजूला कमी आणि खाली जास्त जाऊ लागलं. छताला दगडी फासळ्या दिल्या, त्या फासळ्यांनी ते ओझं मोजक्या खांबांवर आणून सोडलं. मधली भिंत रिकामी झाली. तिला काही उचलायचंच नव्हतं. मग त्यांनी ती काढून टाकली आणि तिथे माणसाच्या कितीतरी पट उंचीच्या रंगीत काचा बसवल्या. अंधाऱ्या देवळात उजेड आला.

पण कमान, टोकदार असली तरी, थोडी बाहेर रेटतेच. तो रेटा झेलायला त्यांनी बाहेरून दगडाचे टेकू दिले. पुढे पुढे हे टेकू भिंतीपासून दूर उभे राहून हवेतून हात पुढे करावा तसे वरच्या भिंतीला धरू लागले. बोव्हे नावाच्या गावाला सगळ्यात उंच छत हवं होतं. त्यांचं छत कोसळलं, आणि पुन्हा बांधताना त्यांनी आधार वाढवले. आणि शार्त्र नावाच्या गावाविषयी लिहिलं होतं की तिथले लोक, त्यात चांगले मोठे लोकही, स्वतः जू खांद्यावर घेऊन दगडांच्या गाड्या ओढत आले. हे वाचताना मी दर वेळी थांबायचो. बाहेर दादाच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या वर्षांत ही चित्रं अचानक माझ्या कामाची झाली.

आमची शाळा तेव्हा पाटलांच्या जुन्या कापसाच्या कोठीत भरत असे. दारातून येईल तेवढाच उजेड. मागे बसणारी मुलं पाटी दाराकडे तिरपी धरून वाचायची. चौथीपर्यंतच वर्ग होते. त्यापुढे शिकायचं तर अमडापूर किंवा चिखली. मुलगे पायी जात किंवा कुणाकडे राहत. मुलींचं शिक्षण चौथीला संपत असे, त्यावर कुणी चर्चाही करत नसे. त्या वर्षी दादाची मुलगी चौथीत होती. बापासारखीच हुशार, बापासारखीच कमी बोलणारी. ती ज्या वयात आणि ज्या वर्गात होती, त्याच वयात आणि वर्गात दादानं पाटी कोनाड्यात ठेवली होती. मी रोज तिला शिकवत होतो आणि रोज ते माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

तपासणीला आलेले साहेब कोठीत शिरले आणि डोळे चोळत बाहेर आले. म्हणाले, "इथे वरचे वर्ग देता येणार नाहीत, पोरांचे डोळे जातील. उन्हाळा संपायच्या आत मोठी, उजेडाची खोली बांधा. मी मंजुरी देतो." असं म्हणून ते गेले. त्यांना माहीत होतं की लढाईमुळे लोखंडी तुळई मिळत नव्हती आणि लांब सागवान सरकारनं आपल्याकडे ओढून घेतलं होतं. मिळत होत्या त्या सातपुड्याच्या पायथ्याकडून, जळगाव जामोदकडून येणाऱ्या आखूड बल्ल्या, म्हणजे लाकडाचे वासे. त्यांनी खोलीची रुंदी पार होत नव्हती.

पाटलांनी चावडीवर गाव बसवलं. पाटील म्हणजे गावातले मोठे जमीनदार, जागा त्यांची, दगडाची खाणही त्यांचीच. त्यांच्या शेजारी मिस्त्री चाचा बसले होते. चाचा रोहिणखेडचे. तिथल्या जुन्या मशिदीच्या कमानी आपल्याच खानदानानं बांधल्या असं ते सांगत. ते खरं किती हे कुणी विचारत नसे, कारण विचारलं तर ते सगळी वंशावळ सांगायला बसत.

मी उभा राहिलो. म्हटलं, "खोलीच्या रुंदीवर आडव्या दगडी कमानी घालू. एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत आखूड बल्ल्या पुरतील. त्यावर छपराला कवेलू. ओझं कमानीवर गेलं की मधली भिंत मोकळी, तिथे मोठ्या खिडक्या." मी कोळशानं टोकदार कमान काढून दाखवली.

चाचांनी मान वाकडी करून पाहिलं. "ही तं आमचीच चीज हाय मास्तर. रोहिणखेडले जाऊन पाहा."

"अशी कमान पूर्वेकडूनच तिकडे गेली, असं म्हणणारे जाणकार आहेत," मी म्हटलं.

"म्हनजे गोऱ्याइनं आमची उचलली! अन् मास्तर ते पुस्तकातून आमालेच शिकवून राह्यले." चावडी हसली. चाचांची दाढी आनंदानं वर गेली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग मी टेकूंचं काढलं. बोलून कळेना, म्हणून मी चाचांना आणि दादाला समोरासमोर उभं केलं. दोघांनी हात वर करून एकमेकांच्या तळव्यांना तळवे लावायचे आणि पाय हळूहळू मागे न्यायचे. माणसांचीच कमान. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाय सरकायला वेळ लागला नाही. चाचा ओरडले, "अबे धर! धर!" आणि दोघं एकमेकांवर आदळले. चावडी पोट धरून हसत असताना मी दोघांच्या टाचांमागे एकेक माणूस पाय रोवून उभा केला. पुन्हा कमान केली. आता ती टिकली.

"हे मागचे दोघं म्हणजे टेकू," मी म्हटलं. "बाहेरून, भिंतीला, प्रत्येक कमानीच्या जागी."

हसू एकदम थांबलं. पाटलांनी तंबाखूची चंची बाजूला ठेवली.

ज्यांना आमचा मुलूख माहीत नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे टेकू लागतो तो पडायला आलेल्या घराला. सोयरीक जुळवायला आलेला माणूस दारात पाणी पिण्याआधी घराच्या मागून एक चक्कर मारतो. भिंतीला बल्ली टेकवलेली दिसली की तो पाणी पितो, गूळ खातो, आणि पुन्हा येत नाही.

"मास्तर," पाटील म्हणाले, "नव्या इमारतीले टेकू? गावाचं नाक कापता का? उद्या लोक म्हनतीन, याहिची शाळा जन्मालेच म्हातारी आली."

"अन् माही कमान काय लंगडी हाय का?" चाचा उसळले. "मानसाचे पाय सरकतात. माह्या भिंतीचे पाय सरकत नाही. चुना असा घालतो का पोलाद!"

पुस्तकातलं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण चित्र पाहणं वेगळं आणि दगड रचणं वेगळं, हे मलाही कळत होतं. चाचांनी आयुष्यभर कमानी बांधल्या होत्या, पण त्या हातभर जाड भिंतींत. इथली भिंत खिडक्यांनी चाळणी झालेली असणार होती. हे मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. पाटील उठून गेले तर जागा गेली, जागा गेली तर वर्ग गेले, आणि दादाची मुलगी पाटी ठेवणार. हा विचार मनात आला आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं. आपल्या घरच्या एका पोरीसाठी मी गावच्या सगळ्या पोरांना त्या भिंतीखाली बसवायला तयार झालो होतो. तेवढे दिवस मला झोप नीट लागली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

काम मात्र देखणं झालं. होळी झाल्यावर सुरुवात झाली. गावातल्या प्रत्येक घरानं आळीपाळीनं बंडी दिली. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. हिंदूंच्या बंड्या, मुसलमानांच्या बंड्या, खाणीपासून शाळेपर्यंत चाकोरी पडली. दादाच्या बैलांनी चुन्याची घाणी फिरवली आणि दगडही आणले. शार्त्रच्या लोकांविषयी मी जे वाचून थांबायचो ते माझ्या गावात, माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी एकदा दादाला ती गोष्ट सांगितली.

"मोठे मोठे लोक स्वतः जू घेऊन गाड्या ओढत होते, दादा."

"काऊन? त्याइच्याकडे बैल नव्हते का?" त्यानं विचारलं आणि चुना उलथायला निघून गेला.

पहिली कमान पुरी झाली. कमान बांधताना तिच्याखाली लाकडाचा साचा असतो, त्याला चाचा कलबूत म्हणत. चुना मुरला की खालच्या पाचरी ठोकून कलबूत सैल करायचं, म्हणजे कमान पहिल्यांदा स्वतःच्या बळावर उभी राहते. आमच्या भागातल्या गवंड्यांची यात एक रीत आहे. शेवटची पाचर कमान बांधणाऱ्यानं स्वतः काढायची, आणि ती कमानीखाली उभं राहून काढायची. ज्यानं बांधलं त्यानं आधी आपलं डोकं खाली द्यायचं, मग दुसऱ्याचं.

चाचा हातोडा घेऊन खाली गेले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"तुमी कायले? दगड मी बसवला."

"आकार मी काढला," मी म्हटलं.

खरं कारण त्याहून साधं होतं. ती पडली तर मी बाहेर उभा असू नये.

पाचर निघाली. कलबूत नखभर खाली बसलं आणि डोक्यावर कमान एकटी राहिली. बाहेर लोकांनी आरोळी दिली. चाचांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. आणि मग एक आवाज आला, वाळलेलं लाकूड मोडावं तसा. चाचांच्या दाढीवर चुन्याची भुकटी पडली. वर मधल्या दोन दगडांत काळी रेघ दिसली.

"हलू नका," चाचा अगदी हळू म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बाहेर काय घडलं ते मला नंतर कळलं. भिंतीच्या माथ्यावरून चाचांनी ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडला होता. सकाळी त्याचा लोळा भिंतीला अगदी घासून होता. दादा दगडांनी भरलेली बंडी घेऊन तिथेच उभा होता. आरोळीकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याला दिसलं की लोळा भिंतीपासून सुटला आहे. म्हणजे भिंतीचा माथा बाहेर येत होता. पलीकडची भिंत जुन्या कोठीला लागून होती, ती हलणार नव्हती. त्यानं बैल सोडले, चार माणसांना हाक मारून भरली बंडी मागे रेटली, चाकांना दगड लावले, पडलेली एक जाड बल्ली उचलून तिचं एक टोक भिंतीला कमानीच्या खांद्यापाशी लावलं आणि दुसरं बंडीच्या आसाशी अडकवलं. सगळं दगडाचं ओझं घेऊन बंडी भिंतीला टेकली. आवाज थांबला. चाचांनी पाचर परत ठोकली.

आम्ही बाहेर आलो. दादा बंडीच्या चाकाला पाठ लावून बसला होता. माझ्याकडे पाहून तो एवढंच म्हणाला, "तू त्या दिवशी चावडीवर सांगत होता तेच ना हे?"

"हाव," मी म्हटलं.

"मंग गप काऊन बसला बे?"

मी चाकाखालचे दगड घट्ट बसवू लागलो. तुह्या पोरीसाठी, असं म्हणालो असतो तर त्याचा भार त्याच्याच डोक्यावर पडला असता. अजूनही मी त्याला ते सांगितलेलं नाही.

बंडी तिथेच राहिली. काढता येत नव्हती. शेतात शेणखत टाकायचे दिवस होते. दादा, वहिनी आणि माझी पुतणी टोपल्यांनी डोक्यावरून खत वाहू लागली. शाळा सुटली की मीही टोपलं घेत असे, पण माझ्या मानेला सवय नव्हती, निम्मं खत वाटेत सांडायचं. येणारा-जाणारा दादाला विचारायचा, "बंडी काऊन उभी हाय भाऊ?"

"शाळा धरून राह्यली," दादा शांतपणे सांगायचा. "सोडली का पडते."

हे वाक्य गावभर झालं. ज्याला त्याला तोंडपाठ. चाचा तोंड लपवून फिरत होते. पाटील आठवडाभर शाळेकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी ते आले, आणि सोयरिकीला आलेल्या माणसासारखे थेट भिंतीच्या मागे गेले. बंडीभोवती एक चक्कर मारली. बल्लीला हात लावून पाहिला. मी घरी पळत जाऊन पुस्तक घेऊन आलो आणि बंडीच्या दांडीवर ठेवून त्यांच्यासमोर उघडलं.

एका मोठ्या देवळाची मागची बाजू होती ती. ओळीनं दगडी टेकू, हवेतून भिंतीला हात लावून उभे. त्यांच्या माथ्यावर उंच टोकदार शिखरं, शिखरांवर दगडी पानं, फुलं, मूर्ती.

"हे टेकूच हायेत?" पाटलांनी विचारलं.

"टेकूच."

"अन् लपवले नाही?"

"नाही. उलट नटवले. माथ्यावरचं ते शिखर दिसतं ना, त्याचंही काम आहे. त्याच्या वजनानं रेटा खाली दाबला जातो."

पाटलांनी चित्रातल्या एका टेकूवरून बोट फिरवलं. मागून चाचाही येऊन खांद्यावरून डोकावत होते. "काम चांगलं हाय," ते पुटपुटले. "पानं जरा जाडी झाली."

"किती वर्सं झाली म्हनता उभं राहून?" पाटलांनी विचारलं.

"शेकड्यांनी."

पाटलांनी पुस्तक मिटलं आणि चाचांकडे वळले. "मंग आपले बी नटवा. पण असे नटवा का पाहनाऱ्याची मान वर झाली पायजे. टेकू लावला म्हनून नाक कापलं जाते. टेकू मिरवला तं कोन कापते पाहू."

भांडण झालं ते माथ्यावर काय बसवायचं यावरून. वजन हवं होतं, आकार काय? कुणी म्हणालं कळस. चाचा म्हणाले, मग अर्ध्या टेकूंवर घुमट. दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवू लागले. तिकडच्या कारागिरांनी खांबांवर कोरलेली पानं त्यांच्याच रानातली होती, हे मी सांगायच्या बेतात होतो. त्याआधीच मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कापूस लावा ना बाबा. सगळ्याइच्या घरी येते." भांडण तिथेच मिटलं.

चाचा त्या बोंडांसाठी वेडे झाले. दादाच्या कोठीतून वाळलेली बोंडं घेऊन गेले, पाकळ्या कशा फाटतात, कापूस कसा बाहेर डोकावतो ते पाहत बसले. काळ्या दगडात कापसाचा फुगीरपणा आणायला छिन्नी बोथट करून घेतली. पहिलं बोंड झालं तेव्हा त्यांनी साऱ्या गावाला बोलावून दाखवलं आणि प्रत्येकाला विचारलं, "असं रोहिणखेडले तरी हाय का सांगा!"

कमान चाचांनी मधल्या दगडांपासून उतरवली, भिंत ओळंब्यात आणली आणि कमान पुन्हा रचली. टेकू पायापासून दगडी बांधून काढले. चुना मुरेपर्यंत ऊन करपवून टाकत होतं. मग दादाची बंडी काढायचा दिवस आला. खरी परीक्षा त्याच दिवशी होती. कलबूत सोडवायचं आणि बल्लीही काढायची.

चाचा हातोडा घेऊन कमानीखाली गेले. मी गेलो. आणि आमच्या मागून, कुणी न बोलावता, पाटील पागोटं सावरत आत आले.

"तुम्ही बाहेर थांबा," मी म्हटलं.

"काऊन? नाक माह्यं हाय ना? मंग ते कमानीखालीच राहू द्या."

पाचर निघाली. कलबूत बसलं. आम्ही तिघं माना वर करून दगडांच्या सांध्याकडे पाहत होतो. बाहेरून दादाचा आवाज आला, "बल्ली काढतो बे!" बल्ली निघाल्याचा आवाज झाला. मग चाकांमागचे दगड काढल्याचा. मग घुंगरं वाजली आणि इतके आठवडे एकाच जागी उभ्या असलेल्या बंडीची चाकं कुरकुरली. ती हलली, आणि आमच्या डोक्यावर काहीच हललं नाही. चुन्याचा कण पडला नाही. चाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले. पाटील म्हणाले, "चला, आता पागोटं सरळ करतो."

मी बाहेर धावलो. ओळंब्याचा लोळा भिंतीला घासून होता. दादा तो पाहत उभा होता, बैलांची वेसण हातात. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "दादा, इतकी वर्षं तू माह्यासाठी असाच उभा राह्यला. या टेकूसारखा." मला हे फार दिवसांपासून बोलायचं होतं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेडंवाकडं बोललो होतो. "मले काय दगड समजतो का?" तो म्हणाला. "चाल, खत टाकायचं राह्यलं."

मग बाकीच्या कमानीही चढल्या, वर कवेलू पडले, आणि साहेब पावसाळ्याआधी आले. चौकटींतून उजेड इतका येत होता की त्यांनी चष्मा काढला. रंगीत काचा आमच्याकडे कुठून असणार, साध्या मोकळ्या खिडक्या होत्या, पण त्यांतून सकाळचं ऊन पलीकडच्या भिंतीवर पोचत होतं आणि त्या उन्हात टोकदार कमानींच्या सावल्या पडत होत्या. त्यांनी बाहेर जाऊन टेकू पाहिले आणि विचारलं, "हे कोणी सुचवलं?" मी तोंड उघडायच्या आत पाटील म्हणाले, "मास्तरनं सुचवलं, मिस्त्रीनं बांधलं, अन् एका बंडीनं पटवलं." वर्ग मंजूर झाले.

पाचवीचा पहिला दिवस मला नीट आठवतो. मुली डाव्या बाजूला खिडकीखाली बसल्या होत्या. संख्येनं थोड्याच, पण होत्या. पुतणीला मी वाचायला उभं केलं. ती वाचू लागली आणि माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. दादा टेकूला पाठ लावून सावलीत बसला होता. बैल पलीकडे झाडाखाली बांधलेले. हातावर तंबाखू होती, पण ती मळायची राहून गेली होती.

मी खिडकीशी जाऊन हळू म्हटलं, "दादा, आत ये ना. बस."

"नको बे," तो तितक्याच हळू म्हणाला. "मी आलो म्हनून कळलं का अडखळते ती. अथीच बरं हाय. टेकू चांगला हाय पाठीले."

तिचं वाचन संपलं, ती खाली बसली. दादा उठला नाही. मग मी इतिहासाचा धडा काढला आणि तो जरा मोठ्या आवाजात सांगू लागलो, खिडकीबाहेर ऐकू जाईल इतपत.